रोमानियातल्या राजघराण्यांचे वाडे बघताना आधी मालकी विचारा

माझी सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात भूमी अभिलेख खात्यात गेली. लेक आणि जावई बुखारेस्टला असतात, त्यामुळे उन्हाळा आम्हा दोघा नवराबायकोचा तिकडेच जातो. ओळखीपाळखीतलं कुणी युरोपच्या सहलीत रोमानिया धरणार असलं, की मला फोन येतो: काका, काय बघायचं? मी सांगतो, वाडे बघा. पण ते बघायची एक रीत आहे. छत किती उंच, झुंबर किती किलोचं, यात अडकलात तर सगळे वाडे दोन दिवसांत सारखेच वाटायला लागतात. त्यापेक्षा प्रत्येक वाड्याला तलाठ्याने विचारावं तसं विचारा: बांधला कुणी, कुणाकडून कुणाकडे गेला, कशाने गेला, आणि आज कब्जा कुणाचा? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की तो वाडा विसरला जात नाही.

ब्रानचा किल्ला सगळ्यांना ड्रॅक्युलाचा म्हणून दाखवतात. ज्याच्यावरून ते सगळं रचलं त्या व्लाद त्सेपेशचं राज्य डोंगराच्या दक्षिणेला वालाकियात होतं. ब्रान त्याच्या मालकीचा कधीच नव्हता. त्याची खरी जागा बघायची तर तिर्गोविश्तेला जा. तिथे जुन्या दरबाराचे अवशेष आणि किंदिया बुरूज आहे. ब्रानच्या मालकीची हकिगत त्या भुताटकीपेक्षा कितीतरी चांगली आहे. १९२० मध्ये ब्राशोव्ह शहराने हा किल्ला राणी मारीला भेट दिला. तिच्यामागे तो लेकीकडे, राजकन्या इलियानाकडे आला. कम्युनिस्ट राजवटीत सरकारजमा झाला आणि २००६ मध्ये इलियानाच्या तीन मुलांना परत मिळाला. भेट, वारस, जप्ती, परतावा अशा चार नोंदींत त्या देशाचं अख्खं विसावं शतक येतं. ब्रानला गेलात तर हे लक्षात ठेवून जा. नाही गेलात तरी काही बिघडत नाही.

गादी फिरती, वतन कायमचं

निघण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, नाहीतर पुढे सगळा गोंधळ होतो. आजच्या रोमानियाच्या जागी पूर्वी वालाकिया आणि मोल्दाविया अशी दोन राज्यं होती. दोन्ही तुर्की सुलतानाला खंडणी देणारी. तिथल्या राज्यकर्त्याला 'दोम्न' किंवा 'वोयेवोद' म्हणत. बापानंतर मुलगा असा सरळ नियम नव्हता. सरदारांनी, म्हणजे तिथल्या 'बोयार' मंडळींनी निवडायचं आणि सुलतानाने मान्यता द्यायची, ही जुनी रीत. १७११ ते १८२१ या काळात तर सुलतान थेट इस्तंबूलच्या फनार मोहल्ल्यातल्या ग्रीक घराण्यांतून माणूस नेमायचा. नेमणुकीला पैसा मोजावा लागे आणि माणसं भराभर बदलत. कोन्स्तान्तिन माव्ह्रोकोर्दात वालाकियाच्या गादीवर सहा वेळा बसला आणि मोल्दावियाच्या चार वेळा. एकाच माणसाची ही गोष्ट.

म्हणून तिथे एकच राजघराणं नाही. ज्यांचा कुणी ना कुणी पूर्वज गादीवर बसला ती सगळी राजघराणी: ब्रंकोव्यानू, कान्ताकुझिनो, गिका, स्तुर्झा, माव्ह्रोकोर्दात, शुत्सू, बिबेस्कू, श्तिर्बेई. गादीवर बसलेल्याच्या मुलाला 'बेझादेआ' म्हणत. त्यातला 'झादे' आपल्या शहाजाद्यातलाच. आता यातून वाड्यांबद्दल काय निघतं ते बघा. दरबाराची जागा जो गादीवर असेल त्याची. तो गेला की तीही गेली. स्वतःचं म्हणून जे बांधायचं ते आपल्या खाजगी जमिनीवर, राजधानीपासून जरा लांब, तळ्याकाठी नाहीतर गावात. म्हणूनच तिथले बघण्यासारखे वाडे खेड्यांत सापडतात. मोठे ते 'पालात', गावातल्या जहागिरीच्या घराला 'कोनाक'. नकाशावर शोधताना हे दोन्ही शब्द टाका.

आडनावांचीही एक खूण आहे. जोडनाव दिसलं, जसं गिका-कोमानेश्त किंवा रोसेत्ती-तेस्कानू, की दुसरा भाग बहुधा त्यांच्या जहागिरीच्या गावाचा असतो. ते गाव नकाशावर काढा, बऱ्याचदा तिथेच घर सापडतं. कोमानेश्तचं घर तर मुद्दाम बघण्यासारखं आहे, कारण ते आल्बेर गालरों या फ्रेंच वास्तुकाराचं. बुखारेस्टचं प्रसिद्ध घुमटाचं संगीतगृह, आथेनेउल, त्यानेच बांधलं.

एक कोरी वही घ्या आणि प्रत्येक घराण्याला एक पान द्या. पानावर राज्य केलेल्याचं नाव आणि वर्षं, मग बायकोचं नाव आणि तिचं माहेर, मग घर कुठे, १९४९ मध्ये काय झालं (त्या वर्षाचं महत्त्व पुढे सांगतो), आज तिथे काय आहे. बायकोचा रकाना अजिबात गाळू नका. हे वाडे एका आडनावाकडून दुसऱ्याकडे गेले ते बऱ्याचदा सोयरिकीने नाहीतर दत्तकाने. पुरुषांची यादी केलीत तर मध्ये तुटते. बायकांची केलीत तर सलग लागते.

सुरुवात एका कबरीपासून

बुखारेस्टमध्ये जुन्या शहराला लागून सेंट जॉर्जचं नवं चर्च आहे. समोरच देशाचा शून्य किलोमीटरचा दगड आहे, त्यामुळे पत्ता विचारायला सोपं. माझ्या मते पहिला मुक्काम इथेच करावा, कारण पुढच्या अर्ध्या गोष्टी इथून सुरू होतात.

कोन्स्तान्तिन ब्रंकोव्यानू १६८८ मध्ये वालाकियाच्या गादीवर आला. आई कान्ताकुझिनो घराण्यातली, आधीचा राज्यकर्ता शेर्बान कान्ताकुझिनो त्याचा सख्खा मामा. पंचवीस वर्षांहून जास्त काळ तो टिकला, आणि त्या काळात हे सोपं नव्हतं. एकीकडे तुर्क, दुसरीकडे ऑस्ट्रिया, तिसरीकडे रशिया. त्याने छापखाने काढले, चर्चं बांधली, वाडे बांधले. पैसा इतका, की तुर्क त्याला सोन्याचा बे म्हणत. आणि मग भाऊबंदकी. मामाच्याच घरातल्यांनी इस्तंबूलला कान भरले. १७१४ मध्ये त्याला धरून नेलं आणि १५ ऑगस्टला, त्याच्या साठाव्या वाढदिवशी, त्याच्या डोळ्यांदेखत चारही मुलांची, कोन्स्तान्तिन, श्तेफान, रादू आणि धाकट्या मातेईची मुंडकी उडवली, आणि मग त्याचं. गादीवर मामेभाऊ श्तेफान कान्ताकुझिनो बसला. दोन वर्षांत, १७१६ मध्ये, सुलतानाने त्यालाही बापासकट मारलं. तिथून पुढे शंभर वर्षं वालाकियात फनारच्या नेमणुका. भाऊबंदकीत दोन्ही घरांची गादी गेली आणि देशाने आपला राज्यकर्ता निवडायचा हक्क गमावला.

ब्रंकोव्यानूची बायको मारिका मागे राहिली. तिला नातवासह काकेशसमध्ये कुतैसीला हद्दपार केलं होतं. ती १७१६ मध्ये परतली आणि १७२० मध्ये तिने नवऱ्याच्या अस्थी गुपचूप बुखारेस्टला आणवल्या. या चर्चमध्ये पुरल्या, वर संगमरवरी शिळा ठेवली, पण तिच्यावर नाव घातलं नाही. नाव घालणं धोक्याचं होतं. मात्र शिळेवर टांगायला चांदीचा एक दिवा दिला आणि त्या दिव्याच्या कडेवर लहान अक्षरांत लिहवून घेतलं, की जिथे कोन्स्तान्तिन ब्रंकोव्यानू बासाराब वोयेवोद यांच्या अस्थी विसावल्या आहेत तिथे हा दिवा जळतो, दोआम्ना (म्हणजे राणी) मारिका यांनी दिला, जुलै १२, वर्ष ७२२८. जवळजवळ दोनशे वर्षं हा लेख कुणाच्या लक्षात आला नाही. १९१४ मध्ये तो वाचला गेला आणि कबर कुणाची ते कळलं. एका बाईने नोंद अशा जागी करून ठेवली, की शत्रूला दिसणार नाही पण शोधणाऱ्याला सापडेल. आयुष्यभर नोंदी बघितलेल्या माणसाला याहून मोठी गोष्ट मला तिकडे दिसली नाही. १९९२ मध्ये रोमानियन चर्चने ब्रंकोव्यानू आणि त्याच्या चारही मुलांना संत म्हणून जाहीर केलं, त्यामुळे इथे दर्शनाला येणाऱ्यांची ये-जा असते. आत आवाज करू नका, आणि प्रार्थना चालू असताना फोटो काढू नका.

शिलालेखावरचं साल कसं काढायचं

वर ७२२८ हे साल आलं. जुने रोमानियन लेख जगाच्या उत्पत्तीपासून वर्षं मोजतात आणि ते वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं. तारीख जानेवारी ते ऑगस्टमधली असेल तर ५५०८ वजा करायचे, सप्टेंबर ते डिसेंबर असेल तर ५५०९. म्हणजे जुलै ७२२८ हे १७२०. आपण देवळावरच्या शकात ७८ मिळवून इसवी सन काढतो, तसाच हा हिशोब. सवय झाली की दारापुढे उभं राहून तोंडीच जमतो.

अडचण फक्त अक्षरांची. १८६० च्या दशकापर्यंत रोमानियन भाषा सिरिलिक लिपीत लिहीत, आणि आकडेही अक्षरांनीच दाखवत. पण मराठी वाचणाऱ्याला एक सोय आहे. सातासाठीचं सिरिलिक अक्षर अगदी आपल्या ३ सारखं दिसतं. त्याच्या डाव्या बाजूला खाली एक तिरकी खूण असेल तर ते सात हजार. १४९३ पासूनची सगळी सालं सात हजारांतली, त्यामुळे लेखात 'खूण असलेला ३' सापडला की साल तिथेच आहे हे पक्कं. पुढची अक्षरं जमली नाहीत तर फोटो काढा आणि रात्री मुक्कामावर तक्त्याशी ताडून बघा.

हा लेख बहुधा चर्चच्या किंवा वाड्याच्या मुख्य दारावर दगडात कोरलेला असतो. त्याला 'पिसानिया' म्हणतात. कुणी बांधलं, कुणाच्या कारकिर्दीत, कधी, हे त्यात मिळतं, आणि बऱ्याचदा बायकोमुलांची नावंही मिळतात. चर्च असेल तर आत शिरल्यावर लगेच मागे वळून बघा. दाराच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर बांधणाऱ्या कुटुंबाचं चित्र असतं. होरेझूच्या मठात, जो १९९३ पासून जागतिक वारसा यादीत आहे, ब्रंकोव्यानू चार मुलगे आणि मारिका सात मुली घेऊन उभे आहेत. सगळ्यांच्या अंगावर भारी जरीचे पोशाख. वारसनोंद एवढ्या सुंदर स्वरूपात दुसरीकडे बघायला मिळणार नाही. होरेझू बुखारेस्टपासून लांब आहे, पण ऑल्ट नदीच्या खोऱ्यातून सिबियूकडे जाणार असाल तर वाट वाकडी करा.

चिन्हंही ओळखून ठेवा. चोचीत क्रूस धरलेला गरुड म्हणजे वालाकिया. शिंगांच्या मधोमध तारा असलेलं रानगव्याचं डोकं म्हणजे मोल्दाविया. दोन्ही एकत्र असतील तर एक तर ते दोन्हीकडे राज्य केलेल्याचं काम, किंवा १८५९ मध्ये दोन्ही राज्यं एक झाली त्याच्या नंतरचं. दोन डोक्यांचा गरुड दिसला तर कान्ताकुझिनो असण्याचा संभव जास्त. ते आपली वंशावळ तुर्कांआधी इस्तंबूलवर राज्य करणाऱ्या बायझेन्टाइन सम्राटापर्यंत नेतात.

मोगोशोआया, सावकाश

बुखारेस्टच्या वायव्येला साधारण पंधरा किलोमीटरवर, तळ्याकाठी. एकच वाडा बघायचा असेल तर हा. सकाळी जा आणि अर्धा दिवस हातात ठेवा.

आधी आवारातच थांबा. लाल विटांचं दुमजली काम आहे, आणि वर जायचा जिना एका कोरीव खांबांच्या सज्ज्यात निघतो. कठड्याजवळ जाऊन बघा. दगड आरपार कोरून वेलबुट्टी काढली आहे. मग इमारतीला वळसा घालून तळ्याच्या बाजूला या. तिकडच्या कमानी बघून व्हेनिस आठवतं, आणि ते बरोबरच आहे. तुर्की, व्हेनिसची आणि जुनी बायझेन्टाइन अशा तिन्ही पद्धती स्थानिक गवंड्यांनी एकत्र केल्या, आणि त्या मिश्र पद्धतीला पुढे ब्रंकोव्यानूचंच नाव मिळालं. तळघर उघडं असेल तर नक्की उतरा. विटांच्या चार घुमटी छतांचा भार मधल्या एकाच खांबावर आहे. आवारात जुनं स्वयंपाकघर वेगळं बांधलेलं आहे, धूर वर नेणाऱ्या घुमटी छताचं. खाजगी चर्च वाड्याहून जुनं, १६८८ सालचं.

आता वही काढा. गावाचं नाव मोगोश नावाच्या बोयाराच्या बायकोवरून पडलं. ब्रंकोव्यानूने इथे जमीन घेतली आणि १६९८ ते १७०२ मध्ये वाडा उठवला, दुसरा मुलगा श्तेफान याच्यासाठी. थोरल्यासाठी पोतलोज गावात आधीच एक बांधला होता. १७१४ मध्ये मुलगाही गेला आणि वाडाही जप्त झाला. तुर्कांनी इथे सराई केली. पुढे हद्दपारीतून आलेल्या त्या नातवाने मिळकत परत मिळवली. नातवाचा वंश ग्रिगोरे ब्रंकोव्यानूपाशी, १८३२ मध्ये संपला. त्याने झोए माव्ह्रोकोर्दात हिला दत्तक घेतलं होतं. तिचं लग्न गेओर्गे बिबेस्कूशी झालं, जो १८४२ ते १८४८ वालाकियाचा राज्यकर्ता होता. अशी मोगोशोआया बिबेस्कूंकडे आली. त्या घरातल्या गेओर्गे व्हालेन्तिनने १९१२ च्या सुमारास ती आपल्या बायकोला, मार्थाला दिली.

मार्था बिबेस्कू मूळची लाहोवारी. फ्रेंचमध्ये लिहायची, पॅरिसमध्ये तिचं मोठं नाव होतं. पडझड झालेला हा वाडा तिने वर्षानुवर्षं खपून उभा केला, त्यात पुस्तकांतून मिळालेला पैसाही घातला. आज आपण जे बघतो ते पुष्कळसं तिच्यामुळे आहे. १९४५ मध्ये ती देश सोडून गेली आणि १९७३ मध्ये पॅरिसला वारली. परत आलीच नाही. लेक व्हालेन्तिना आणि जावई दिमित्रिए गिका-कोमानेश्त मागे राहिले. त्यांना कम्युनिस्ट राजवटीने धरून कुर्त्या दे आर्जेशला सक्तीने ठेवलं. १९५६ मध्ये इंग्लंडला जाता आलं. खरेदी, जप्ती, परतावा, दत्तक, लग्न, बक्षीस, पुन्हा जप्ती. एका मिळकतीला इतके फेरफार मी नोकरीतही क्वचित बघितले.

३ मार्च १९४९

ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. २ मार्च १९४९ च्या हुकमाने उरल्यासुरल्या सगळ्या जहागिऱ्या सरकारने घेतल्या. १९४५ च्या जमीन कायद्याने मालकांकडे पन्नास हेक्टरपर्यंतच राहू दिलं होतं, आता तेही गेलं आणि घरही. २ आणि ३ मार्चच्या मधल्या रात्री माणसांना घरांतून उठवून नेलं. हातात मावेल तेवढंच सामान. ओळखपत्रावर 'दे ओ' असा शिक्का, म्हणजे नेमून दिलेल्या गावीच राहायचं. पुस्तकं, कागदपत्रं, तसबिरी जागीच राहिल्या.

म्हणून गावातल्या वाड्यात गेलात की १९४९ ते १९८९ मध्ये इथे काय होतं ते जरूर विचारा. शेतकी केंद्र, सहकारी शेतीचं कार्यालय, अनाथालय, क्षयरोग्यांचं इस्पितळ, कोठार, यातलं काहीतरी असतंच. भिंतीत मध्येच घातलेली विटांची आडभिंत, छतावरच्या नक्षीला लागलेला चुना, जिन्याखाली संडास, या सगळ्याचा उलगडा तिथे होतो. म्हातारी माणसं आपणहून सांगतात, कारण त्यातल्या कित्येकांनी तिथे नोकरी केलेली असते. बोलताना कुणाचीही बाजू घेऊ नका. त्यांच्या आजोबांनी त्या वाड्याच्या जमिनीवर वेठ केलेली असू शकते. १९०७ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला तो याच जहागिऱ्यांविरुद्ध, आणि तो लष्कराने फार क्रूरपणे दडपला. वाडा सुंदर होता हे खरं, आणि तो कुणाच्या कष्टावर होता हेही खरं. दोन्ही वहीत लिहा.

१९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट संपल्यावर वारसांनी दावे लावले. मुख्य कायदा २००१ चा दहावा. निकाल तऱ्हेतऱ्हेचे लागले. कुणाला घर मिळालं पण दुरुस्तीला पैसा नाही, कुणी मिळताच विकलं, कुठे संग्रहालय राहिलं. त्यामुळे मालक कोण हे जाण्याआधी बघून घ्या. खाजगी असेल तर फाटकातून बघा नाहीतर आधी परवानगी घ्या. पडक्या वाड्यात तर परवानगीशिवाय पाऊलही टाकू नका. तक्तपोशी कुजलेली असते.

नबाबाची तीन घरं

बुखारेस्टहून सिनायाकडे जाणाऱ्या रेल्वे लाइनवर एका दिवसात एकाच माणसाची दोन घरं होतात, तिसरं बुखारेस्टमध्येच आहे. गेओर्गे ग्रिगोरे कान्ताकुझिनो, दोनदा पंतप्रधान झालेला, देशातला सर्वांत श्रीमंत माणूस. लोक त्याला 'नबाब' म्हणत. शहरातल्या काल्या व्हिक्टोरिएइ या रस्त्यावरचं त्याचं घर शिंपल्याच्या आकाराच्या काचेच्या छज्जामुळे लांबूनच ओळखू येतं, फाटकाशी दोन सिंह. १९१३ मध्ये दुसऱ्या बाल्कन युद्धाचा तह इथेच झाला. आज तिथे संगीतकार जॉर्ज एनेस्कूचं संग्रहालय आहे, आणि तेही लग्नामुळेच. नबाबाची विधवा सून मारुका, मूळची रोसेत्ती-तेस्कानू, हिने १९३७ मध्ये एनेस्कूशी लग्न केलं. दोघं मागच्या छोट्या घरात राहत. मला तो मोठा वाडा बघण्यापेक्षा ते मागचं घर जास्त आवडतं.

सेंट जॉर्जपासून इथपर्यंत पायी या. रमतगमत तास लागतो. वाटेत विद्यापीठ चौकात शुत्सूंचं १८३० च्या दशकातलं घर लागतं, आता ते शहराचं संग्रहालय आहे. फनारच्या घराण्यांपैकी शहरात हे एक घर सहज बघता येतं.

दुसरं घर बुश्तेनला, डोंगरापुढे, १९११ चं. वारसांना परत मिळालं आणि त्यांनी विकलं. नेटफ्लिक्सच्या एका गाजलेल्या मालिकेत ते शाळा म्हणून दिसलं, म्हणून तरुण मुलांची झुंबड असते. तुम्ही मात्र मोठ्या दालनात सोयरिकीतल्या घराण्यांची चिन्हं शोधा. तिसरं फ्लोरेश्त गावात, व्हर्सायच्या छोट्या त्रियानों वाड्यावरून बेतलेलं. नबाब १९१३ मध्ये गेला तेव्हा काम पुरं व्हायचं होतं. पुढे लुटालूट झाली, आणि कित्येक दशकं नुसत्या भिंती आणि खांब उभे राहिले. आधी बुश्तेन आणि मग फ्लोरेश्त, असाच क्रम ठेवा.

त्याच वाटेवर सिनायाला पेलेश राजवाडा आहे. घराण्यांच्या भांडणाला कंटाळून १८६६ मध्ये पुढाऱ्यांनी परका राजपुत्र आणायचं ठरवलं. जर्मनीतल्या होहेन्त्सोलर्न-सिग्मारिंगेन घराण्यातला कारोल खोट्या नावाने, आगगाडीच्या दुसऱ्या वर्गात बसून ऑस्ट्रिया ओलांडून आला. १८८१ मध्ये तो राजा झाला आणि १८८३ मध्ये पेलेश राहण्याजोगं झालं. एकशेसाठ खोल्या, हजारो हत्यारं, छताची काच विजेवर सरकते. देखणं आहे, गर्दीही तितकीच. पण हे जर्मन डोळ्याने बांधलेलं घर आहे. मोगोशोआया आधी बघितलेली असेल तर फरक चटकन कळतो. २००७ मध्ये मिळकत शेवटचा राजा मिहाई याला परत मिळाली, संग्रहालय मात्र चालूच राहिलं.

इयाशकडे वेळ असेल तर

मोल्दावियात इयाश शहराच्या बाजूला दोन घरं जवळजवळ आहेत आणि दोन्ही मूळ स्तुर्झांची. मिक्लाउशेन हे टोकदार कमानींचं, बाहेरून सगळीकडे कुळाची चिन्हं असलेलं. इथला ग्रंथसंग्रह नावाजलेला होता, तो १९४४ च्या लढाईच्या धामधुमीत बराचसा गेला. त्या घरातली लेक एकातेरिना कान्ताकुझिनो, जी पुढे जोगीण झाली, तिने वाडा चर्चला दिला. मधल्या काळात अपंग मुलांचं वसतिगृह झालं, आता पुन्हा चर्चकडे आहे.

रुजिनोआसा आलेक्सान्द्रु इओन कूझाने १८६२ मध्ये विकत घेतलं. १८५९ मध्ये दोन्ही राज्यांनी ज्या एकालाच निवडलं आणि त्यामुळे ती जुळली, तो हा. १८६६ मध्ये त्याला राजीनामा द्यायला लावलं आणि १८७३ मध्ये तो हायडेलबर्गला वारला. त्यानंतरचा वाद फार बघण्यासारखा आहे. बायको एलेना एकीकडे, आणि कूझाच्या मुलाची तरुण विधवा मारिया मोरुझी दुसरीकडे. दावा मारियाने जिंकला, आणि शेवटी तिने वाडा मुलांच्या इस्पितळाला देऊन टाकला. आज तिथे कूझाचं स्मारक आहे.

ट्रान्सिल्व्हेनियातले वाडे, जसा क्लूजजवळ बोन्त्सिदाचा बान्फींचा, ते हंगेरियन सरदारांचे. त्यांची वही वेगळी करा.

जाण्यापूर्वी

रोमानिया आता पूर्ण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे युरोपच्या सहलीचा शेंगेन व्हिसाच तिथे चालतो. बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, काही मंगळवारीही, आणि पेलेश नोव्हेंबरमध्ये साफसफाईसाठी बंद ठेवायची रीत आहे. दुरुस्त्याही सारख्या चालू असतात. आदल्या दिवशी बघून घ्या. बुखारेस्टच्या कोत्रोचेन राजवाड्यात राष्ट्रपतींचं कार्यालय आहे, तिथे आधी नाव नोंदवावं लागतं आणि दारात पासपोर्ट मागतात. फोटोचं तिकीट बऱ्याच ठिकाणी वेगळं. गावांकडे जाताना सुटे लेई, म्हणजे तिथलं चलन, खिशात ठेवा.

शाकाहारी असाल तर हॉटेलात 'दे पोस्त' काय आहे ते विचारा. ऑर्थोडॉक्स उपासाचं जेवण म्हणजे मांस, अंडी, दूध यांशिवायचं. कधी मासा चालतो, तेवढा वगळायला सांगा. घेवड्याची उसळ, भाजलेल्या वांग्याची आणि मिरचीची 'झाकुस्का', मक्याच्या पिठाची 'मामालिगा' यावर आमचं सगळ्या दौऱ्यांत छान भागतं.

एकच दिवस असेल तर कबर दुपारवर गेली तरी चालेल, क्रम असा ठेवा: सकाळी मोगोशोआया, दुपारी सेंट जॉर्ज, संध्याकाळी उन्हं उतरताना पायी काल्या व्हिक्टोरिएइने नबाबाच्या घरापर्यंत. दोन दिवस असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली गाडी धरून सिनाया आणि बुश्तेन. पेलेशला दहाच्या आत पोचा, त्यानंतर रांग वाढते.